वळणावरची नाली

अकोल्याबाहेरच्या विमानतळावर देवमन तायडे खलाशी, म्हणजे पडेल ते अंगमेहनतीचं काम करणारा कामगार, होता. विमानतळ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं त्यातलं तिथं फारसं काही नव्हतं. लढाईच्या दिवसांत घाईघाईनं केलेली एक धावपट्टी, टिनाच्या छपराची दोन खोल्यांची कचेरी, वारा कुठून येतो ते दाखवणारी कापडी नळी आणि चहूबाजूंनी कपाशीची काळी वावरं. धावपट्टी बांधली तेव्हा सतरा वर्षांच्या देवमननं तिथं डोक्यावरून गिट्टी वाहिली होती. पाणी कुठं साचतं, जमीन कुठं दबते, डांबर कुठं उखडतं हे त्याला नकाशा न पाहता सांगता यायचं. पण त्याला कोणी विचारत नसे, आणि त्यानं आपणहून सांगितलं तर ऐकणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असे.

दिवसा काम बेताचंच. पण हिवाळ्यात नागपूरवर धुकं उतरलं, की टपाल घेऊन निघालेलं रात्रीचं विमान अकोल्याला वळवत. रात्री दोन-तीनच्या सुमाराला कचेरीतला टेलिफोन वाजायचा. देवमननं ढकलगाडीवर रॉकेलचे दिवे लादायचे, धावपट्टीच्या दोन्ही कडांनी मांडत जायचं आणि एकेक पेटवत परत यायचं. चहाच्या किटलीसारखे चोचीचे दिवे, चोचीत बोटभर जाड वात. दिवे हवेत चाळीस, होते सव्वीस, आणि त्यातले चार गळके.

विमान उतरायचं त्याची देवमनला कधी काळजी वाटली नाही. उतरणाऱ्याला समोर दिव्यांच्या दोन रांगा दिसतात. खरी भीती त्यानंतरची. धावपट्टी सोडून विमान आपल्या चाकांवर हळूहळू चालत कचेरीपुढच्या फरशीपर्यंत यायचं. या चालण्याला साहेब लोक टॅक्सी म्हणत, आणि ज्या अरुंद रस्त्यानं ते यायचं त्याला टॅक्सीचा रस्ता. त्या डकोटा विमानाचं शेपूट जमिनीला टेकलेलं आणि नाक आभाळाकडे. आत बसलेल्या वैमानिकाला पुढचा रस्ता दिसतच नसे. तो बाजूच्या खिडकीतून वाकून पाहायचा आणि विमान नागमोडी चालवत आणायचा. विमानाच्या दिव्यांचीही तोंडं वर. उजेड पडायचा बाभळींच्या शेंड्यांवर आणि चाकांपुढं मिट्ट काळोख. फिरते पंखे तर रात्री दिसतच नाहीत, नुसता आवाज येतो. मागच्या साली एक कुत्रं त्यात सापडलं होतं. ते देवमननंच गोळा केलं होतं.

अशा त्या रस्त्याच्या वळणावर एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात नाली खोदली गेली.

खोदली ती चांगल्या कामासाठीच. टॅक्सीच्या रस्त्याला विजेचे निळे दिवे लागणार होते. त्यांची तार टाकायला रस्त्याच्या डाव्या कडेपासून दीड हातावर, कंबरभर खोल, वळणापर्यंत नाली काढली. मजूर आठ दिवसांत खोदून निघून गेले. तार आली नाही. तार नाही म्हणून दिवे आले नाहीत. पावसाळ्यात नालीत पाणी भरलं, बेडूक ओरडले, पाणी आटलं, आणि कडा ढासळून नाली होती त्याहून रुंद झाली. बाहेर काढलेल्या मुरुमाचा ढीग बाजूला तसाच पडून राहिला.

विमानतळाचे प्रमुख वामनराव हे पुण्याकडचे, पन्नाशीला आलेले, अक्षर मोत्यासारखं. माणूस वाईट नव्हता. देवमननं नालीचं गाऱ्हाणं नेलं की ते चष्मा पुसत ऐकत आणि त्याच दिवशी वरच्या कचेरीला पत्र टाकत. नाली बुजवा, नाहीतर तिथं लावायला लाल दिवे द्या. चार महिन्यांत पाच पत्रं गेली. नोव्हेंबरात उत्तर आलं. टॅक्सीचा रस्ता रात्रीच्या वापरासाठी मंजूर झालेला नाही, सबब तिथं रात्रीच्या दिव्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

वामनरावांनी ते देवमनला मराठीत समजावून सांगितलं. देवमननं कागद उलटसुलट करून पाहिला.

"रस्ता मंजूर नाई," तो म्हणाला, "मंग उतरलेलं इमान येते कुठून साहेब?"

"मला कळत नाही का ते? पण याच्यावर मी आणखी काय लिहू, तूच सांग."

डिसेंबरात पहिलं धुकं पडलं. त्या रात्री देवमननं धावपट्टीच्या पार शेवटचे दोन दिवे उचलून नालीच्या काठावर ठेवले. विमान सुखरूप फरशीवर आलं. पंधरा दिवसांनी देवमनच्या नावानं कागद आला: धावपट्टीच्या दिव्यांची रांग अपुरी असल्याचं वैमानिकानं कळवलं आहे, दिवे कोणाच्या हुकुमानं हलवले याचा खुलासा करावा. देवमननं खुलासा केला. त्यावर दुसरा कागद आला, की पुन्हा असं होता कामा नये. त्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही. बायकोनं, पंचफुलानं, काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, आपल्याला दिसतं तेच आपल्याला करू देत नाहीत.

आता सरकारी दिवा हलवायचा नाही म्हटल्यावर त्यानं घरचा कंदील न्यायचं ठरवलं. पंचफुलाला ते पटलं नाही. ती किसनराव माळ्याच्या मळ्यात निंदणीला जायची, अंधार पडल्यावर घरी यायची, आणि घरात कंदील तो एकच.

"सरकारचं इमान, अन् कंदील माह्या घरचा?" ती म्हणाली. पण काच पुसून तिनंच तो त्याच्या हातात दिला.

किसनराव माळ्याचा मळा विमानतळाला लागूनच होता. वांगी, मेथी, झेंडू. धावपट्टी झाली तेव्हा गावाची जुनी गाडवाट मधोमध तुटली, आणि तेव्हापासून किसनरावांची बैलगाडी टॅक्सीचा रस्ता ओलांडूनच पलीकडे जायची. तिथं फाटक बसणार, राखणदार नेमणार, असं वर्षानुवर्षं ऐकू येत होतं. पहाटे चारला गाडी जुंपायची, उजाडता उजाडता जठारपेठेत माल टाकायचा, हा त्यांचा नेम. विमानाचा आवाज आला की ते अलीकडेच गाडी थांबवून उभे राहत. याहून जास्त काळजी एका माणसानं काय घ्यायची?

जानेवारीतली गोष्ट. पहाटे साडेतीनला फोन वाजला, नागपूर बंद, विमान वळवलं आहे. देवमननं सव्वीसच्या सव्वीस दिवे धावपट्टीला लावले, एकही इकडचा तिकडे नाही. घरचा कंदील नालीच्या काठावर ठेवला आणि स्वतः वळणाच्या पुढं, उजव्या अंगाला, हातात विजेरी घेऊन उभा राहिला. विमानाला विजेरीनं वाट दाखवायची हे त्याचंच काम. पण विजेरीतले सेल दिवाळीपासून बदललेले नव्हते. मागणी केली होती, ती कुठल्यातरी टेबलावर होती. उजेड पिवळट, आणि जरा वेळानं तोही मिणमिणू लागला.

विमान उतरलं, धावपट्टीच्या टोकाशी वळलं आणि टॅक्सीच्या रस्त्याला लागलं. नेमक्या त्याच वेळी किसनरावांची गाडी वळणापलीकडे, डाव्या अंगाला, गाडवाटेवर येऊन थांबली होती. इंजिनाच्या आवाजानं बैल बुजले. किसनराव खाली उतरले, एका हातानं कासरा धरला आणि दुसऱ्या हातातला कंदील हलवत बैलांपुढं येऊन त्यांना चुचकारू लागले.

देवमननं तो हलता कंदील पाहिला. काय होणार ते त्याला तेव्हाच कळलं. आत बसलेल्या माणसाला एवढ्या काळोखात दोनच उजेड दिसणार. उजवीकडे एक मरतुकडा ठिपका, आणि डावीकडे इकडून तिकडे हलणारा ठसठशीत कंदील. कोणीही त्यालाच वाट दाखवणारा समजेल.

आणि विमानाचं नाक डावीकडे वळू लागलं.

देवमन ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. विजेरी आपटली, हलवली, ती विझलीच. तो विमानाच्या पुढून, पंख्यांच्या आवाजाचा अंदाज घेत, लांबचा फेरा मारून नालीकडे धावला. काठावरचा कंदील जळत होता, पण विमानाच्या नाकाच्या आड, वैमानिकाला कधीच न दिसेल असा. देवमननं अंगातला खाकी कोट काढला, कंदिलाची टाकी उघडून सगळं रॉकेल त्यावर ओतलं आणि वातीला लावला. कोट भडकला. बाहीला धरून डोक्यावर गरगर फिरवत तो नालीच्या काठानं वैमानिकाच्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. हात भाजत होता, पण सोडला तर उजेड जाईल एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

विमान गचकन थांबलं. इंजिनं बंद झाली, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागला.

वैमानिक शिडीवरून उतरला तो तावातावानं. पेट्रोलनं भरलेल्या विमानापुढं आग कोणी लावली, डोकं ठिकाणावर आहे का, असं हिंदीत विचारू लागला. देवमननं विझत आलेला कोट खाली टाकला आणि चाकाकडे बोट दाखवलं. वैमानिकानं आपली विजेरी तिकडे मारली. डाव्या चाकापासून नालीचा काठ वीतभर होता. चाक आत गेलं असतं तर पंखा जमिनीत रुतला असता आणि मग पेट्रोल, टपाल, आतली माणसं कशाचाच हिशेब राहिला नसता. वैमानिकानं पाणी मागितलं. देवमननं डाव्या हातानं तांब्या भरून दिला, कारण उजव्या हाताला फोड आले होते.

देवमनला वाटलं, झालं ते वाईट झालं, पण आता तरी नाली बुजेल.

फेब्रुवारीत चौकशी लागली. चौकशीचे साहेब अमरावतीला विश्रामगृहात उतरले होते, म्हणून वामनराव आणि देवमन सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला गेले आणि तिथून अमरावतीला. दुपारपर्यंत व्हरांड्यात बसवून ठेवलं. मग आत बोलावलं. साहेब इंग्रजीत विचारत, वामनराव मराठीत सांगत, देवमन उत्तर देई आणि टंकलेखक टकटक करत राही. आग किती मोठी होती. विमानापासून किती फुटांवर. आगीचे नियम माहीत होते का. सरकारी कोट जाळायची परवानगी कोणी दिली. गाडीवाला कोण, त्याचा कंदील कसा. अर्धा तास झाला. कागद यंत्रातून निघाला आणि सहीसाठी देवमनपुढं आला.

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर देवमनच्या वाडीतल्या लोकांनी समाजमंदिरात रात्रीची शाळा काढली होती. देवमन तिथंच लिहा-वाचायला शिकला. वाचल्यावाचून कशावरही सही करायची नाही हे तिथं पहिल्या आठवड्यातच सांगितलेलं. त्यानं वामनरावांना कागद मराठीत वाचून दाखवायला सांगितला. ते वाचत गेले, तो ऐकत गेला.

"याच्यात नाली कुठी हाये साहेब?"

वामनराव थांबले. चौकशीच्या साहेबांनी हा काय म्हणतो म्हणून विचारलं आणि उत्तर दिलं, ते वामनरावांनी खालच्या आवाजात सांगितलं. नाली खोदणारी कचेरी वेगळी, तिचा विषय वेगळा. ही चौकशी आगीची आहे.

"इमान आगीकडं जाऊन राहिलं नव्हतं," देवमन म्हणाला. "नालीकडं जाऊन राहिलं होतं. तेच नाई लिवलं तं म्या आग काहून लावली? येड लागलं होतं काय मले?"

"देवमन, सही कर. बाकीचं मी पाहतो."

"तुमी आठ महिन्यांपासून पाहूनच राहिले, साहेब."

वामनरावांचा चेहरा उतरला. चौकशीच्या साहेबांनी आवाज चढवला. सही नाकारली तर आजच्या आज कामावरून बंद करता येईल, हे सांगायला दुभाष्याची गरज लागली नाही, ते हातवाऱ्यांवरूनच कळलं. देवमनला पंचफुला आठवली, वाडीतलं घर आठवलं. तरी त्यानं टाक उचलला नाही.

"मी सांगतलं ते लिवा, मंग करतो सही. नाई तं नाई."

शेवटी साहेबांनी वैतागून कागद टंकलेखकाकडे फेकला आणि एक ओळ घालायला सांगितली, की रस्त्याच्या डाव्या बाजूस उघडी नाली होती असं साक्षीदाराचं म्हणणं आहे. देवमननं ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि भाजलेल्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात सही केली.

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले होते. मूर्तिजापूर गेलं तेव्हा वामनराव म्हणाले, "पत्रांच्या नकला माझ्या पिशवीत होत्या. पाचही."

"मंग काढल्या काहून नाई?"

वामनरावांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. पुन्हा विचारून काय होणार होतं?

निकाल मार्चात आला. देवमनला सक्त ताकीद, आणि त्याची नोंद त्याच्या नोकरीच्या पुस्तकात. गाडवाट काटेरी तारेनं बंद. आणि नालीबद्दल, त्या एका ओळीमुळे, एक हुकूम: काठावर दगड मांडून त्यांना चुना लावावा.

देवमननं दगड मांडले. चुना लावला. लावताना स्वतःशीच बोलत होता, ते ऐकायला कोणी नव्हतं म्हणून बरं. किसनरावांना आता बाजाराला दोन कोसांचा वळसा पडत होता. तेही तारेपलीकडून येऊन त्याच्यावर चिडले, माझ्या कंदिलाचं नाव साक्षीत घेतलंसच कशाला म्हणून. देवमननं त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते मऊ पडले, पण वळसा काही कमी झाला नाही.

एका अंधाऱ्या संध्याकाळी देवमननं वामनरावांना वळणावर नेलं. दिवा बरोबर घेतला नाही. दगड कुठी हायेत ते सांगा, म्हणाला. वामनराव चालत गेले, काही दिसेना, आणखी पुढं गेले, आणि पांढऱ्या दगडाला ठेचाळले. देवमननं दंड धरला म्हणून नालीत पडले नाहीत. ते तिथंच जरा वेळ उभे राहिले. चष्मा काढून पुसला.

त्या शनिवारी हजेरीच्या वेळी त्यांनी सांगितलं, की सोमवार-मंगळवार आपण रजेवर आहोत, बाळापूरला मित्राकडे जायचं आहे. विमान कुठलं यायचं नाही. मग निघता निघता, छत्री काखेत मारत म्हणाले, "तो मुरुमाचा ढीग वाटेत येतो, देवमन. कुठंतरी हलवायला पाहिजे."

"हलवतो साहेब," देवमन म्हणाला.

सोमवारी उजाडताच तो, पंचफुला आणि वाडीतली चार माणसं फावडी-टोपली घेऊन वळणावर आली. किसनरावांनी तारेचा एक पदर उचलला आणि बैलगाडी आत घातली. ढिगाचा मुरूम पुरेना, तेव्हा त्यांनी आपल्या विहिरीवरचा आणला. नालीत थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं, पुन्हा थर. पंचफुलानं टोपल्या वाहिल्या आणि मधूनच नवऱ्याला ऐकवलं, की माझ्या कंदिलाच्या टाकीचं झाकण त्या रात्री हरवलं ते हरवलंच, त्याचं कोणी काही बोलत नाही. मंगळवारी दिवस मावळताना बैलगाडी भरून बुजलेल्या नालीवरून तीनदा फिरवली. चाक दबलं नाही.

वामनराव बुधवारी आले. वळणापर्यंत जाऊन आले. महिन्याच्या अहवालात नालीचा रकाना होता, तिथं त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, आढळली नाही. वरून कोणीही विचारलं नाही. नाली असताना कोणी पाहायला आलं नव्हतं, नसताना कोण येणार.

पुढच्या हिवाळ्यात नऊ वेळा विमान वळवलं गेलं आणि नऊही वेळा नीट फरशीवर आलं. पण देवमनच्या पुस्तकातली ताकीद तशीच राहिली. मुख्य खलाशाची जागा निघाली तेव्हा त्याच्यामागून नोकरीला लागलेल्या नत्थुजींना ती मिळाली, आणि कारण विचारलं तर पुस्तकातलं तेच पान उघडून दाखवलं. नत्थुजींनाच अवघडल्यासारखं झालं. देवमननं ती नोंद काढावी म्हणून अर्ज केला. वर्षाला एक, असे चार अर्ज केले. दोनदा पोच आली, दोनदा तीही नाही. पाचव्याला उत्तर आलं. ते कचेरीत मराठीत करून घेऊन त्यानं पंचफुलाला वाचून दाखवलं. अर्ज इंग्रजीत करावा, एवढंच त्यात होतं.

वामनराव तोवर बदलून गेले होते. इंग्रजीत लिहून देणारं वाडीत आता कोणी नव्हतं असं नाही, किसनरावांचा जावईसुद्धा लिहून देतो म्हणाला होता. देवमन दोन दिवस धुसफुसत राहिला. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला जायच्या आधी त्यानं दौत काढली, कागद मांडीवर घेतला, आणि सहावा अर्ज मराठीतच लिहायला बसला. पहिली ओळ त्यानं नालीपासूनच सुरू केली.